एक एकर, एक चित्रकथा अन् पावसाची वही : बिघडलेल्या पावसाला आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी काय उत्तर दिलं?

उमरगा : मृग निघाला की तालुक्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पावसाचे अंदाज फिरायला लागतात. एक म्हणतो आठ दिवसांत जोरदार, दुसरा म्हणतो पंधरा दिवस खंड. कुणाचा खरा, कुणाचा खोटा यावर पारावर वाद रंगतो. पण अंदाज खरा निघाला तरी खरा प्रश्न तसाच राहतो. रानात पेरायचं काय? आणि ते ठरवायचं कुणी?

या प्रश्नाला धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकरी बायांनी एक उत्तर शोधलं. ते उत्तर फक्त एका एकराचं आहे. त्या उत्तराची दखल आधी संस्थांनी घेतली, मग संशोधकांनी, आणि शेवटी चित्रकारानं. तुळजापूर तालुक्यातल्या एका बाईची गोष्ट चित्रांत काढली गेली आणि २०२२ मध्ये कॅनडात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात जाऊन बसली.

हवामान बदल म्हटलं की वाटतं, हा मोठ्या परिषदांचा, शास्त्रज्ञांचा विषय आहे. पण गावची माणसं, अभ्यास करणारे आणि गाणारे-चित्र काढणारे एकत्र आले की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ते नीट समजून घेऊ.

पावसाचं नेमकं काय बिघडलंय?

आपला भाग पर्जन्यछायेतला. सह्याद्री ओलांडून ढग इकडं येईपर्यंत त्यातलं बरंच पाणी कोकणात आणि घाटावर सांडून गेलेलं असतं. त्यामुळं पाऊस कमी, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. दुष्काळ आजोबा-पणजोबांनीही पाहिले. नवी गोष्ट वेगळी आहे. वर्षाची बेरीज कधीकधी बरोबर येते, पण पावसाचा हिशेब चुकतो. वीस-पंचवीस दिवस थेंब नाही आणि नंतर दोन दिवसांत महिन्याभराचा पाऊस.

याचं कारण सोपं करून सांगता येतं. हवा जितकी तापते तितकी ती जास्त वाफ धरून ठेवते. तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढलं की हवेची वाफ धरायची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ढगाची घागर मोठी झाली. मोठी घागर भरायला वेळ लागतो, म्हणून खंड लांबतो. आणि ती उपडी झाली की एकदम होते, म्हणून अतिवृष्टी.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या, असं त्यात दिसलं. एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढला नव्हता.

आपल्या अनुभवाशी हे ताडून पाहा. २०१५ चा दुष्काळ इतका कडक होता की एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये जिल्ह्यात उलटं झालं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, गंजीला कोंब फुटले. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन शेंगा भरायच्या वेळी पाऊस गायब. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या परंडा भागात पुरात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढायची वेळ आली. दहा वर्षांत हे सगळं एकाच जिल्ह्यानं पाहिलं.

अतिवृष्टीचा सरकारी निकष म्हणजे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. आकडा छोटा वाटतो. पण एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की ते सुमारे ४ हजार लिटर पाणी होतं. म्हणजे ६५ मिलिमीटरला एका एकरावर अडीच लाख लिटरहून जास्त. दहा हजार लिटरचे २६ टँकर एका एकरावर एका दिवसात रिकामे करावेत, तसं. जमिनीनं ते प्यावं कसं? ते मातीसकट ओढ्याला लागतं.

सुरुवात झाली भूकंपापासून

बायांच्या एका एकराची गोष्ट कळायची तर तीस वर्षं मागं जावं लागेल. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेलं, आता लोहारा तालुक्यातलं सास्तूर आणि आजूबाजूची गावं मातीला मिळाली. हजारो माणसं गेली. ज्यांनी ती पहाट पाहिली ते आजही तो विषय निघाला की गप्प होतात.

त्यानंतर घरं बांधायचं आणि दुरुस्त करायचं मोठं सरकारी काम निघालं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, इंजिनिअर आले, नकाशे आले. पण घर कसं हवं, चूल कुठं हवी, गोठा कुठं, हे विचारणार कुणाला? स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आणि तिच्या संस्थापक प्रेमा गोपालन यांनी आग्रह धरला की हे काम गावातल्या बायांच्या हातात द्या. मग शेकडो गावांत बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. सरकारची योजना काय आहे ते गावाला सांगायचं, आणि गावाची अडचण काय आहे ते सरकारला सांगायची, हे त्यांचं काम.

ज्या बाया तोवर पदर सावरून दाराआड उभ्या राहत, त्या कनिष्ठ अभियंत्याला पाया किती खोल घेतला म्हणून विचारायला लागल्या. घरं उभी राहिली, सरकारी काम संपलं, पण या बाया परत दाराआड गेल्या नाहीत. महिला मंडळं, बचत गट, सखी फेडरेशन असं त्यांचं जाळं वाढत गेलं. पाणी, आरोग्य, चूल, रेशन अशा विषयांवर काम होत गेलं. पुढं दुष्काळ आला तेव्हा हे जाळं तयार होतं.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. संकट आल्यावर संघटना बांधायला बसलं तर उशीर होतो. भूकंपानं बांधलेली गाठ वीस वर्षांनी दुष्काळात कामाला आली.

एक एकर म्हणजे काय?

२०१२ पासून मराठवाड्यात एकामागं एक वाईट वर्षं आली. २०१४ आणि २०१५ तर सलग. तेव्हा एक गोष्ट बायांच्या लक्षात आली. रान आहे, पण घरात खायला विकतचं. खरिपात सगळीकडं सोयाबीन, पाण्याची सोय असेल तिथं ऊस. तूर सोडली तर डाळ दुकानातून, भाजी बाजारातून, ज्वारीसुद्धा विकत. पीक गेलं की उत्पन्नही गेलं आणि ताटही रिकामं.

आधी असं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना विचारा. ज्वारीत तुरीचे तास असायचे. मूग, उडीद, मटकी, हुलगा, तीळ, अंबाडी, कारळं, बांधाला वाल आणि दोडक्याचे वेल. त्याला कुणी मिश्र पीक पद्धत म्हणत नव्हतं. बाया बी-बियाणं मडक्यात राखेत घालून ठेवत. कोणतं बी कुठं टाकायचं हे त्यांनाच माहीत असे. नगदी पीक आलं तसं बी दुकानातून यायला लागलं आणि बाईचं शेतातलं बोलणं संपलं. राबणं मात्र तेवढंच राहिलं.

स्वयं शिक्षण प्रयोगाशी जोडलेल्या बायांनी घरात मागणी घातली ती एवढीच, की सगळं रान नको, अर्धा एकर किंवा एक एकर आम्हाला द्या. त्यात काय पेरायचं ते आम्ही ठरवू. त्या तुकड्यात ज्वारी-बाजरी, कडधान्यं, तेलबिया, पालेभाज्या, फळभाज्या असं मिसळून पेरायचं. रासायनिक खताऐवजी शेणखत, गांडूळ खत, जीवामृत. फवारणीला निंबोळी अर्क. जोडीला दोन-चार शेळ्या, कोंबड्या. आधी घरात खायला, उरलं तर विकायला, असा नियम.

हे दुष्काळात का टिकतं? त्यामागं जादू नाही, साधं शास्त्र आहे. मूग-उडीद ६५ ते ७५ दिवसांत येतो. सोयाबीनला सुमारे शंभर दिवस लागतात. तूर पाच-सहा महिने उभी राहते आणि तिचं मूळ खोल जातं. प्रत्येक पिकाला पाण्याची गरज वेगवेगळ्या वेळी लागते. ऑगस्टमध्ये खंड पडला तर सोयाबीनची फुलं गळतात, पण तूर तग धरते. सप्टेंबरात धो-धो झाला तर मूग तोवर घरात आलेला असतो. एका फटक्यात सगळं जात नाही. शिवाय जमीन झाकलेली राहते, पालापाचोळा कुजतो, ओल टिकते, पाणी मुरतं. संशोधक याला जोखीम वाटून घेणं म्हणतात. आपल्या आज्या याला काहीच म्हणत नव्हत्या, फक्त तसं पेरत होत्या.

या कामासाठी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार २०१६ मध्ये स्वयं शिक्षण प्रयोगाला मिळाला. प्रेमा गोपालन यांचं २०२२ मध्ये निधन झालं. एक एकर मात्र चालू आहे.

शेत चित्रात कसं गेलं?

या बायांतलं एक नाव गोदावरी डांगे. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोरा गावच्या. लहान वयात लग्न झालं, तरुणपणीच नवरा गेला, पदरी लेकरं. अशा बाईचं पुढं काय होतं हे खेड्यात सगळ्यांना माहीत असतं. गोदावरीताई बचत गटात गेल्या, तिथून स्वयं शिक्षण प्रयोगाच्या कामात आल्या आणि गावोगाव फिरून बायांना एक एकराचं शेत शिकवू लागल्या.

रितिका रेवती सुब्रमण्यम या पत्रकार आणि संशोधक. मराठवाड्यातला दुष्काळ, ऊसतोडीचं स्थलांतर आणि मुलींची लवकर होणारी लग्नं हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनी गोदावरीताईंची गोष्ट लिहिली आणि मैत्री डोरे यांनी ती चित्रांत उतरवली. त्या चित्रकथेचं नाव मराठीत सांगायचं तर 'दुष्काळातला पावसाचा थेंब'. जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटनं जगभरातल्या लढणाऱ्या बायांच्या चित्रकथा गोळा करायचा उपक्रम केला होता, त्यात ती निवडली गेली. पुढं त्यातल्या निवडक गोष्टींचं इंग्रजी पुस्तक २०२२ मध्ये कॅनडातल्या ड्रॉन अँड क्वार्टर्ली या प्रकाशनानं काढलं. त्यात बोलिव्हिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम, नेपाळ, पेरू इथल्या बायांच्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या शेजारी आपल्या तुळजापूर तालुक्यातली बाई आहे.

कुणी विचारेल, चित्र काढून पाऊस पडतो का? नाही पडत. पण एका अहवालात 'दुष्काळग्रस्त महिला लाभार्थी' असं लिहिलं की माणूस दिसत नाही, आकडा दिसतो. चित्रात मात्र बाईचा चेहरा दिसतो, तिची कोरडी विहीर दिसते, तिनं घेतलेला निर्णय दिसतो. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र कळतं. आणि दुसऱ्या देशात बसलेल्या, मराठवाडा नकाशावर कुठं आहे हे माहीत नसलेल्या माणसालाही ते कळतं.

अभ्यासाचाही यात फायदा आहे. संशोधक गावात येतात, फॉर्म भरून घेतात, निघून जातात. मग त्या माहितीचं काय झालं हे गावाला कधी कळत नाही. गोष्ट चित्रात काढायची म्हटलं की परत परत विचारावं लागतं. घर कसं होतं, वाट कशी होती, त्या दिवशी कोण काय बोललं? अशा विचारण्यातून फॉर्मच्या रकान्यात न बसणारी माहिती बाहेर येते.

दुष्काळाचा धागा लग्नापर्यंत जातो

अशी एक माहिती सगळ्यांनी समजून घ्यायला हवी. पाऊस गेला की पीक जातं, हे दिसतं. त्यापुढचं दिसत नाही. पीक गेलं की मुकादमाकडून उचल घेतली जाते. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकट्या पोराला अर्धा कोयता, म्हणजे उचलही अर्धी. म्हणून पोराचं लग्न लवकर. इकडं आई-बाप सहा महिने फडावर जाणार, तरण्या पोरीला घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं? म्हणून पोरीचंही लग्न लवकर. दुष्काळाचा धागा असा शाळेच्या हजेरीपटापर्यंत आणि मांडवापर्यंत जातो.

रितिका सुब्रमण्यम यांनी याच विषयावर 'क्लायमेट ब्राइड्स' नावाचा उपक्रम चालवला आहे. नावाचा अर्थ, हवामानाच्या संकटानं नवऱ्या झालेल्या मुली. दक्षिण आशियातल्या देशांत हवामान बदल आणि बालविवाह यांचा संबंध कसा लागतो, हे त्यात ऐकण्या-पाहण्याच्या रूपात मांडलं आहे. म्हणजे हवामानाचं संकट हे फक्त पावसाच्या मिलिमीटरमध्ये मोजून चालत नाही. शाळा सोडलेल्या पोरींमध्येही ते मोजावं लागतं.

ओवी ही पण नोंदच

गाणं आणि अभ्यास एकत्र आल्याचं आणखी जुनं उदाहरण महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइट्व्हँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम १९८० च्या दशकात सुरू केलं. गावातल्या बाया गात होत्या, कार्यकर्ते लिहून घेत होते, पुढं ध्वनिमुद्रणही झालं. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आता इंटरनेटवर आहेत. मोबाइलवर मराठीत वाचता येतात, अनेक ऐकताही येतात.

या ओव्यांत सासर-माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, आणि पाऊस-शेतीही आहे. ज्या काळात बाईचं नाव सातबारावर नव्हतं, शाळेच्या पटावर नव्हतं, त्या काळातली तिची साक्ष ओवीत आहे. हवामान खात्याकडं पावसाचे जुने आकडे आहेत, पण पाऊस नसताना घरात काय झालं हे त्या आकड्यांत नाही. ते ओवीत सापडतं. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, ओवी थांबली. आज सत्तरीच्या पुढच्या बायांनाच ती येते. त्या गेल्या की ती माहितीही गेली.

गाणं वाजलं अन् कुदळी उचलल्या

कलेनं माणसं कामाला लागतात हे पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेनंही दाखवलं. आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पुढाकारानं २०१६ मध्ये तीन तालुक्यांतून ही स्पर्धा सुरू झाली आणि २०१९ पर्यंत चार वर्षं चालली. त्यात पाणलोटाचं शास्त्र होतंच. उतार कसा मोजायचा, सलग समतल चर कुठं खोदायचा, माथ्यापासून पायथ्याकडं काम का करायचं. पण ते शास्त्र गावात पोचलं ते फिल्ममधून, गोष्टीतून आणि अजय-अतुल यांनी केलेल्या गाण्यातून. पहाटे माळावर हजार-पाचशे माणसं खोदायला उभी राहिली ती परिपत्रकामुळं नाही.

ग्रामस्वच्छतेचं काम गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन आणि रात्री कीर्तन करूनच केलं होतं. कीर्तन, भारूड, पोवाडा, वगनाट्य ही आपली जुनी शेतीशाळाच होती. तेव्हा कला, अभ्यास आणि गाव एकत्र ही कल्पना बाहेरून आलेली नाही.

यानं सगळं सुटतं का?

नाही. आणि हे स्पष्ट सांगायला हवं.

एका एकरातून घरातलं ताट भरतं, औषधपाण्याला चार पैसे सुटतात. पण बँकेचं कर्ज, लेकीचं शिक्षण, दवाखान्याचा मोठा खर्च त्यातून निघत नाही. उरलेल्या रानात नगदी पीक घ्यावंच लागतं आणि त्याला भाव मिळावाच लागतो. दुसरं, मिश्र पिकाला मेहनत जास्त. खुरपणी, तोडणी, निवडणी हे सगळं परत बाईच्याच अंगावर पडतं. घरातल्या पुरुषानं हात लावला नाही तर एक एकर म्हणजे तिच्यावर वाढीव बोजा.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. बहुतेक ठिकाणी तो एक एकर तिला बोलण्यावर मिळालेला असतो, कागदावर नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात वहितीदारांमध्ये बायांचं प्रमाण फक्त १४ टक्क्यांच्या आसपास होतं. सातबारावर नाव नसेल तर नुकसानभरपाई, पीककर्ज, विमा यात ती शेतकरी म्हणून मोजलीच जात नाही. शरद जोशी यांनी शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं, त्यातून १९९२ मध्ये शासनानं लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लागू शकतं. तीस वर्षं झाली, तरी अनेक घरांत ही योजना माहीत नाही. माहीत असली तरी अर्ज होत नाही.

चौथं, ही आग आपण एकट्यांनी लावलेली नाही. हवा तापवण्यात जगातल्या मोठ्या कारखान्यांचा, गाड्यांचा, कोळशाचा वाटा कितीतरी जास्त. म्हणून गावानं शहाणपणानं पेरावं हे खरं, पण त्यामुळं सरकारची आणि मोठ्या देशांची जबाबदारी संपत नाही. चित्रकथेचं कौतुक झालं म्हणून भरपाई मागायची नाही, असं कुणी म्हणू नये.

आणि शेवटचं. जे पुस्तक कॅनडात छापलं गेलं ते इंग्रजी आहे. आपल्या बाईची गोष्ट आपल्या पारावर, आपल्या भाषेत रंगली पाहिजे. ते काम बाहेरचा माणूस करणार नाही.

आपल्या गावात काय करता येईल?

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही.

पावसाची वही : शाळेत किंवा ग्रामपंचायतीत साधं पर्जन्यमापक ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाऊस मोजून वहीत लिहा. मंडळाचा आकडा आणि आपल्या शिवारातला पाऊस यात फरक असतो, हे प्रत्येकाला माहीत आहे. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला तरच तो पावसाचा दिवस. आपल्या गावात असे दिवस किती आणि खंड किती दिवसांचा, हे पाच वर्षं लिहिलं तर पुढच्या पिढीच्या हातात पुरावा राहील. मुलांकडून दर महिन्याचा पाऊस शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या. भिंतीवरचा आकडा सगळं गाव बघतं.

पाण्याचा ताळेबंद : नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपल्याकडं म्हणतात तो पोकरा, यात आपला जिल्हाही आहे. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीनं गावच्या पाण्याचा हिशेब मांडायची पद्धत बनवली. किती पडला, किती वाहून गेला, पिकांना किती लागतो. हिवरे बाजारनं असाच हिशेब दरवर्षी ग्रामसभेत मांडून पीक ठरवलं. ताळेबंद आपल्या गावासाठी झाला आहे का, हे कृषी सहायकाला विचारा आणि दसऱ्याच्या आधी ग्रामसभेत वाचून घ्या. रब्बीला काय पेरायचं ते त्यावर ठरवा.

पेरणीची घाई नको : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला दुबार पेरणी वाचवतो. घरचं बी असेल तर १०० दाणे ओल्या पोत्यात ठेवून उगवण तपासा. ७० उगवले तर एकरी ३० किलो बी पुरतं. बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा सरीवर पेरलं तर खंडात ओल टिकते आणि अतिवृष्टीत पाणी सरीतून निघून जातं. सोयाबीनमध्ये तुरीचे तास ठेवा.

नोंद करा : मिश्र पीक घेतलं तर ई-पीक पाहणीत ते मिश्र म्हणूनच नोंदवा. फक्त सोयाबीन नोंदवलं तर बाकीच्या पिकांचं नुकसान कागदावर येत नाही. घरातल्या बाईचं नाव सातबारावर लावण्यासाठी लक्ष्मीमुक्तीबद्दल तलाठ्याकडं विचारणा करा.

ओवी आणि गोष्ट : घरात जुनी माणसं असतील तर त्यांच्या ओव्या, बियाणं ठेवायच्या पद्धती, नक्षत्रांवरचे ठोकताळे मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. १९७२ च्या दुष्काळात गाव कसं जगलं, ९३ नंतर कसं उभं राहिलं, हे विचारा. भजनी मंडळ, शाळेचं स्नेहसंमेलन, गणेशोत्सव, यात यंदा एखादं भारूड किंवा छोटी नाटिका आपल्या गावच्या पाण्यावर बसवा. पोरांना चित्रं काढायला सांगा. कॅनडातला प्रकाशक नको, गावचा फलक पुरे.

एक एकर : शेवटी ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. येत्या खरिपाला घरातल्या बाईला विचारा, तुला काय पेरायचंय? अर्धा एकर तिच्या म्हणण्याप्रमाणं पेरून बघा. आणि तिथल्या खुरपणीला आपणही जा.

किल्लारीच्या भूकंपात भिंती पडल्या तेव्हा घर कसं बांधायचं हे बायांना विचारलं, म्हणून ती घरं राहण्याजोगी झाली. आता पावसाची भिंत पडली आहे. अंदाज सांगणारे खूप झाले. ज्यांनी वाईट वर्षांत चूल पेटती ठेवली, त्यांना पेरणीच्या आधी विचारलं पाहिजे. मृगाला अजून वेळ आहे. ही बोलणी आज रात्री जेवतानाही होऊ शकतात.